मॉरिशसच्या किनाऱ्यावर दगड उचलण्याआधी

एमएस्सी जिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या किंवा नुकतीच पीएचडी रजिस्टर केलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. डेक्कन ट्रॅप तुम्हाला माहीत आहे, पाहोईहोई (गुळगुळीत) आणि आ (खडबडीत) लाव्हातला फरक माहीत आहे, ब्रंटन होकायंत्र धरता येतं, हे सगळं धरून चालते. मी पुण्यात शिकले, सह्याद्रीत भरपूर फिरले, आणि बेसाल्ट म्हणजे आपल्या घरचा दगड आहे अशा समजुतीत पहिल्यांदा मॉरिशसला गेले. त्या समजुतीपायी माझं जवळजवळ सव्वा वर्ष गेलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं, म्हणून नीट सविस्तर सांगते.

आपल्याला हे बेट जवळचं का वाटतं ते तुम्हालाही माहीत आहे. 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येणाऱ्या जागेवर, दख्खनचा लाव्हा आला असं मानतात, त्याचाच माग पुढे लक्षद्वीप, मालदीव, चागोस करत मॉरिशसला येतो आणि आज तो रियुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीखाली आहे. नकाशावर ती रेघ पाहिली की अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. पण नातं आहे म्हणून दगड सारखा नसतो. आपल्याकडे फ्लोवर फ्लो, म्हणजे लाव्हाचे थर, आडवे पसरलेत, एकेक फ्लो मैलोन्मैल जातो. मॉरिशस हा समुद्रातून वर आलेला ढाल ज्वालामुखी, उपड्या ढालीसारखा पसरट. साधारण 80 लाख वर्षांपूर्वी तो पाण्याबाहेर यायला लागला, मग मध्ये लाखो वर्षं शांतता, मग परत उद्रेक, परत शांतता, आणि शेवटचे फ्लो तर जेमतेम पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वीचे. जुनी सिरीज, मधली सिरीज, तरुण सिरीज अशी विभागणी सगळ्या पेपरांत सापडेल. ल मॉर्नसारखे उभे सुळके जुन्यापैकी, आणि क्युरपीपचं त्रू ओ सेर्फ हे विवर तरुणांपैकी. तरुण लाव्हा जुन्या डोंगरांच्या मधून वाट काढत किनाऱ्यापर्यंत उतरलाय, त्यामुळे किनाऱ्यावर शंभर पावलांत दगडाचं वय लाखो वर्षांनी बदलू शकतं. हीच तिथली खरी मजा, आणि माझा घातही इथेच झाला.

झालं असं. आग्नेय किनाऱ्यावरच्या एका छोट्या खाडीत मी पहिल्याच दिवशी हातोडा काढला. काळेकरडे दगड, भोकाभोकांचे, बुडाशी वाळू साचलेली, वर हिरवं शेवाळ, काहींवर शिंपल्या चिकटलेल्या, म्हणजे वर्षानुवर्षं तिथेच असावेत असे. दोन दिवसांत 17 सॅम्पल घेतली. पुण्याला येऊन थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे दगडाचे पातळ काप, केली तर दोन गट पडले. एका गटात ऑलिव्हिन हे हिरवट खनिज अगदी ताजं, काचेसारखं, आणि दुसऱ्यात ऑलिव्हिनच्या कडा बदलून तांबूस इडिंगसाइट झालेलं. केमिस्ट्रीतही दोन गट. मी हरखून गेले, म्हटलं सापडला आपल्याला दोन वयांच्या फ्लोंचा कॉन्टॅक्ट, म्हणजे ते एकमेकांना टेकतात ती सीमा, आणि त्यावर सगळी कहाणी रचली, नकाशा काढला, सेमिनार दिला. सेमिनारला बाहेरून आलेल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कॉन्टॅक्टचा फोटो दाखव." माझ्याकडे तो नव्हता. कॉन्टॅक्ट मी पाहिलाच नव्हता, आकड्यांवरून मनात काढला होता.

त्या रात्री सगळे फोटो मोठे करून बघत बसले आणि पहाटे एका दगडाच्या बाजूवर अर्ध्या नळीसारखी सरळ खाच दिसली, साधारण वीतभर लांब. ज्याने खाणीतला दगड पाहिलाय त्याला ती लगेच कळते, ती सुरुंगासाठी पाडलेल्या ड्रिलची खूण असते. मग तसल्याच आणखी दोन दिसल्या. मी ज्यांच्याकडे राहिले होते ते तिथलंच मराठी घर, चार-पाच पिढ्यांपूर्वी गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांचं. त्यांची नात शाळेत मराठी शिकवते, तिला फोटो पाठवले आणि आजोबांना विचारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की हे दगड ट्रकने आणून टाकलेत, किनारा खचत होता म्हणून बांध घातला होता, पुढे एका चक्रीवादळात तो फुटला आणि दगड पार लांबपर्यंत पसरले. 17 पैकी 11 सॅम्पल त्या बांधाची निघाली. आजोबा रोज माझ्याशी तिथली क्रेओल बोली आणि मराठी मिसळून गप्पा मारायचे आणि मी त्यांना जेवणखाण, लग्नकार्य, गणपती सगळं विचारलं होतं, फक्त ज्या दगडासाठी गेले होते त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

म्हणून हे परत परत सांगणार, कंटाळा आला तरी वाचा. दगड जागचा आहे का, हे ठरल्याशिवाय हातोडा बॅगेतच ठेवा. घाटात हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही, रस्त्याच्या कटिंगमध्ये फ्लो समोर उभाच असतो. किनाऱ्यावर मात्र लाटा दगड वाहून नेतात, माणसं आणून टाकतात, आणि सहा-सात वर्षांत शेवाळ आणि शिंपल्या चढून आणलेला दगड जागचा वाटायला लागतो. आपल्या कोकणातले धूपप्रतिबंधक बंधारे आठवा, तीच गोष्ट. शेवाळावर विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता.

मग ओळखायचं कसं? दगडाच्या सांधी, जॉइंट, बाजूच्या दगडात पुढे जातात का बघा. जागच्या कातळात भेग एका खडकातून दुसऱ्यात सलग जाते, ढिगाऱ्यात प्रत्येक दगडाची भेग आपापल्या दिशेला पळते. मग भोकं बघा. फ्लोच्या तळाशी गॅस वर निसटताना ज्या पाइपसारख्या पोकळ्या राहतात त्या साधारण उभ्या असल्या पाहिजेत. आपल्याकडे त्यात झिओलाइट नाहीतर कॅल्साइट अशी पांढरट खनिजं भरलेली असतात आणि पाइप अमिग्डेल म्हणून आपण ते बघितलेलं असतं, तिथल्या तरुण फ्लोमध्ये त्या बऱ्याचदा रिकाम्याच दिसतात. त्या पार आडव्या दिसल्या तर दगड उलटापालटा झालाय असं धरा. माझ्या दुसऱ्या सॅम्पलच्या फोटोत त्या जमिनीला समांतर आहेत, सरळ सरळ दिसताहेत, आणि तो फोटो मी स्वतः काढलाय. पुढचं म्हणजे भोकांत लाल माती अडकलीय का बघा. समुद्राने धुतलेल्या कातळाच्या खोल भोकात शेतातली तांबडी माती असेल तर तो दगड आतून कुठूनतरी आलाय. आणि बुडाशी हाताने वाळू उकरा, अगदी कोपरापर्यंत. खाली कातळाला जोडलेला आहे की वाळूवर नुसता बसलाय ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे हो, मी ते केलं असतं तर सव्वा वर्ष वाचलं असतं.

शेतातल्या मातीवरून आठवलं, बेटावर उसाच्या शेतांत मधेमधे दगडांचे काळे ढीग दिसतील, काही तर घराएवढे. ती जमीन लागवडीखाली यावी म्हणून आधी गुलामांनी आणि 1834 नंतर आपल्याकडून गेलेल्या गिरमिटिया मजुरांनी हातांनी वेचून रचलेले दगड. त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडचीही माणसं होती. तिथून सॅम्पल घेऊ नका हे तर आलंच, पण दोन मिनिटं तिथे थांबा जरूर. आपण एक दगड पाठीवर मारून दमतो.

दगड जागचा आहे का हा प्रश्न फक्त शिकाऊ लोकांना पडतो असं वाटून घेऊ नका. 2013 मध्ये मॉरिशसच्या पुळणीवरच्या वाळूत झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण सापडले, वय 66 कोटी ते जवळपास 200 कोटी वर्षं. बेट जेमतेम 80-90 लाख वर्षांचं आणि वाळूचे कण इतके जुने, म्हणजे खाली एखाद्या बुडालेल्या खंडाचा तुकडा असावा असा अर्थ काढला गेला, त्याला मॉरिशिया नाव मिळालं. लगेच लोकांनी विचारलं की हे कण वाऱ्याने किंवा माणसांच्या बुटा-टायरांबरोबर आले नाहीत कशावरून? 2017 मध्ये अॅशवाल आणि सहकाऱ्यांनी जागच्या ट्रॅकाइट या ज्वालामुखीच्याच खडकातून झिरकॉन काढले. खडक साधारण 60 लाख वर्षांचा आणि आतले कण 300 कोटी वर्षांपर्यंत जुने, तेव्हा कुठे त्या शंकेला उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या लोकांना जो प्रश्न विचारला जातो तो तुम्हालाही विचारला जाणार, आधीच स्वतःला विचारून ठेवा.

आता समुद्राचं. कोकणात आपण ओहोटी बघून जायचं ठरवतो, पाणी हटलं की अख्खा कातळ उघडा पडतो. मॉरिशसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे वेळापत्रक पाठ करून काही फायदा नाही, बघायचं ते लाटांचं उसळणं आणि वारा. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे म्हणून आत पाणी शांत असतं, पण दक्षिणेला सुयाकजवळ ग्रि-ग्रिला ते कडं तुटलंय आणि समुद्र सरळ बेसाल्टच्या कड्यावर आपटतो. तिथे सेक्शन अप्रतिम दिसतो, फ्लोची भोकाळ वरची कड, मधला घट्ट भाग, सगळं कापून ठेवल्यासारखं, आणि म्हणूनच माणूस कडेला सरकत जातो. एकटं जाऊ नका. ओल्या बेसाल्टवर बूट टिकत नाही. हे मी काळजीने सांगतेय, कोणाचा फोटो किती चांगला आला यापेक्षा तो घरी परत आला पाहिजे.

शॉर्टकटबद्दल माझी मतं ठाम आहेत. फोनमध्ये फोटो काढला की दगडाचं नाव सांगणारी अॅप असतात, ती फील्डवर उघडूसुद्धा नका, ओला बेसाल्ट आणि ओलं सगळंच त्यांना एकसारखं दिसतं, आणि दगड जागचा आहे का हे तर ते सांगूच शकत नाही. पण एक शॉर्टकट जरूर वापरा, गुगल अर्थमधली जुन्या वर्षांची चित्रं. जायच्या आधी तुमचा किनारा दहा-पंधरा वर्षं मागे नेऊन बघा. बांध, भराव, नवीन हॉटेलसमोर टाकलेले दगड, बरंच काही घरबसल्या कळतं. माझी खाडी मी नंतर तशी बघितली, जुन्या चित्रात तिथे नुसती पांढरी वाळू आहे.

गाइडबद्दलही बोलते. "सॅम्पल किती झाले?" एवढंच विचारणारा गाइड मिळाला तर तुम्ही आकडा वाढवत राहता, माझं तेच झालं. "तू उभी कुठे होतीस ते काढून दाखव" म्हणणारा माणूस शोधा, तो तुमचा अधिकृत गाइड नसला तरी चालेल, एखादा सीनियरही चालेल. आणि तुमच्याकडे असा कोणी नसेल तर घाबरू नका, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावता येते. पहिल्या दिवशी सगळा बेसाल्ट एकसारखाच दिसतो, जुने रिपोर्ट फ्रेंचमध्ये असतात, आपल्याला काहीच येत नाही असं वाटून रडू येतं. येऊ दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा बसतो, सगळ्यांचाच बसतो.

मी दुसऱ्यांदा गेले ते स्वतःचे पैसे साठवून. पहिला दिवस हातोडा घरीच ठेवला, आजोबांना बरोबर घेतलं, आणि ते किनाऱ्याने काठी दाखवत सांगत गेले, हा रॉस (क्रेओलमध्ये दगड) इथलाच, हा आणलेला, तो वादळात आलेला. त्यांनी इथलाच म्हणून दाखवलेला प्रत्येक दगड मी नंतर उकरून बघितला, एक सोडून सगळे बरोबर निघाले. पाच दिवसांत फक्त सहा सॅम्पल घेतली. प्रत्येकावर काढायच्या आधी मार्करने वरची बाजू दाखवणारा बाण, लांबून, मधून, जवळून असे तीन फोटो, आणि वहीत बाजूच्या सांध्यांचं रेखाटन. शेवटच्या दिवशी दुपारी खाडीच्या उत्तर टोकाला गुडघ्याएवढ्या पाण्यात वाळू उपसताना फ्लोचा तळ लागला. खाली भाजून लाल झालेली मातीची बोटभर पट्टी, आपल्याकडे दोन फ्लोंच्या मधे दिसणाऱ्या लाल थरासारखी, रेड बोलसारखी, आणि तिच्यावर ओळीने उभ्या, करंगळीएवढ्या रिकाम्या नळ्या. त्या नळ्यांत बोट घालून किती वेळ बसले होते मला आठवत नाही. कॉन्टॅक्टचा फोटो आता आहे माझ्याकडे.