लिपस्टिक उलटी करून बघा
नाशिकचा रविवार कारंजा असो की कॉलेज रोड, लिपस्टिक विकणारा दुकानदार ‘प्राण्यांवर चाचणी नाही हं’ असं ठासून सांगतो. त्यात नवल काही नाही. भारतात अशा चाचणीला आणि चाचणी केलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या आयातीला २०१४ पासूनच बंदी आहे. बघायचं ते वेगळंच. खोक्यामागची बारीक अक्षरं वाचा (चष्मा न्या!) आणि ‘कारमाइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ शोधा. हा लाल रंग कोचिनील किडे वाळवून काढतात. म्हणजे चाचणी नाही, पण किडे आहेतच. लॅनोलिन हा मेणचट पदार्थही मेंढीच्या लोकरीतला. आणि ‘चाचणी नाही’ असं सुचवणाऱ्या नुसत्या सशाच्या चित्रावर भुलू नका, ते कुणीही छापतं; प्राण्यांवर चाचणी न करणाऱ्या ब्रँडना मिळणाऱ्या ‘लीपिंग बनी’ प्रमाणपत्राच्या यादीत ब्रँडचं नाव मोबाइलवर तिथंच ताडून बघा.