खुनाची केस ऐकायची तर आधी वाचणारा बघा

खऱ्या खुनाच्या केसवरचं ऑडिओबुक लावताना आपण काय करतो, पुस्तकाचं नाव बघतो, रेटिंग बघतो आणि डायरेक्ट प्ले दाबतो. मी पण तेच करायचो. एकदा रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना असंच एक लावलं, त्यात एका बाईचा मृतदेह सापडतोय, मागं ढॅण ढॅण म्युझिक, आणि वाचणारा असा दबक्या आवाजात बोलतोय जसं काय दारामागं भूतच उभंय. दहा मिनिटात बंद केलं आणि भेळ खाऊन घरी आलो.

तर फुकटचा सॅम्पल असतो तो ऐकाच, पण सुरुवात सगळेच बरी वाचतात. जमलं तर मधलं प्रकरण उघडा आणि पंचनामा कसा वाचलाय बघा. पंचनाम्यात असतं काय, कडी आतून होती का बाहेरून, साडीचा रंग, भिंतीपासून किती फूट, बास. चांगला वाचणारा ते सरळ वाचतो, जरा थांबतो आणि पुढं जातो, त्या थांबण्यातच काळजात चर्र होतं. तिथंच आवाज चढला तर गडी नाटक करतोय. शाहिराचा आवाज पोवाड्याला पाहिजेच, पन्हाळ्यावरची लढाई काय हळू आवाजात सांगत नाहीत, पण इथं मेलेलं माणूस कुणाच्या तरी घरातलं आहे हो.

आता खरा घोळ. कागदावर अवतरणचिन्ह दिसतं, कानाला दिसत नाही. त्यामुळं लेखकाचा अंदाज कुठला, पोलिसांचं म्हणणं कुठलं आणि कोर्टानं मान्य केलेलं कुठलं हे वाचणाऱ्याच्या आवाजातनंच कळायला पाहिजे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडं आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि वाचणाऱ्यानं तो निकालाच्याच टोनमध्ये वाचला की ऐकणाऱ्याला वाटतं झालं सिद्ध. माझं दोनतीनदा झालंय असं, मागं जाऊन परत ऐकावं लागलं.

रेकॉर्डिंगचं सालही बघून घ्या. लहान मुलं पळवून त्यांचे खून केल्याबद्दल दोषी ठरलेल्या गावित बहिणींचीच केस घ्या, कोल्हापूरच्या सेशन कोर्टानं 2001 ला फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टानं 2006 ला कायम केली, पण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला एवढा उशीर झाला की जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. 2015 चं काही ऐकलंत तर शेवट फाशीवरच होणार आणि तुम्ही कट्ट्यावर तेच ठोकून सांगणार.

स्पीड 1.25 च्या वर नको, वाचणाऱ्यानं मुद्दाम घेतलेले पॉज मरतात. झोपताना टायमर लावा. आणि मशीनच्या आवाजातलं मी तरी घेत नाही, 'पो.नि.' म्हणजे पोलीस निरीक्षक हे त्याला कळलं नाही आणि गडहिंग्लजचं जे काय केलं ते इथं लिहिता येत नाही.

घरात स्पीकरवर लावू नका, इयरफोन घाला. आमच्या आईनं भाकरी थापता थापता एकदा अख्खी उलटतपासणी ऐकली आणि म्हणाली, "ह्यो वकील लई बडबडतोय रे, साक्षीदाराला बोलूच देईना." म्हटलं आई, मगाचपासनं साक्षीदारच बोलतोय.