एंटरप्राइज थ्रीडीत बनवताय? या चुका टाळा

ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचा मोफत प्रोग्रॅम, शिकणारा माणूस आधी सरावाचा डोनट बनवतो आणि मग, माझ्यासारखा अतिउत्साही असेल तर, थेट 'स्टार ट्रेक' या साठच्या दशकातल्या अमेरिकन टीव्ही मालिकेतलं एंटरप्राइज हे अंतराळयान बनवायला घेतो. दिसतंही किती सोपं! एक तबकडी, तिच्याखाली मान, मानेखाली दंडगोल, आणि मागे दोन तिरक्या खांबांवर दोन लांब नॅसेल, म्हणजे इंजिनाच्या नळ्या. शनिवारी बसलं की रविवारी रात्री रेंडर, म्हणजे तयार चित्र. मला पाच महिने लागले. त्यातले तीन आधीच्या दोन महिन्यांतल्या चुका निस्तरण्यात गेले.

आता मागे वळून पाहिलं तर जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच निघतं. आपण नक्की कशाची प्रतिकृती करतोय हे मी ठरवलंच नव्हतं. ते अंतराळयान कधी अस्तित्वातच नव्हतं हो. अस्तित्वात होतं आणि अजूनही आहे, ते लाकूड, प्लास्टिक आणि पत्र्याचं सुमारे ११ फुटी मॉडेल. मालिकेचा कलादिग्दर्शक मॅट जेफरीज याच्या आराखड्यावरून रिचर्ड डेटिन आणि त्याच्या जोडीदारांनी ते १९६४ साली कॅलिफोर्नियात बांधलं. दुसरी गोष्ट त्या मॉडेलची फिल्म. आणि तिसरं, आपल्या डोक्यातलं २८९ मीटर लांबीचं 'खरं' जहाज. ही तिन्ही एकमेकांसारखी दिसत नाहीत. यातलं एक निवडा, कागदावर लिहा आणि मॉनिटरला चिकटवा. मी मालिकेच्या दिवसांतलं मॉडेल निवडलं, पण फार उशिरा.

तीन यानांची खिचडी

संदर्भासाठी सगळे जण फोल्डरभर स्क्रीनशॉट गोळा करतात. इथेच पहिला खड्डा आहे. मोठं मॉडेल एकच होतं, पण त्याची तीन रूपं झाली: १९६४ च्या पहिल्या पायलट, म्हणजे चाचणीच्या, भागासाठी एक रूप, १९६५ च्या दुसऱ्या पायलटसाठी दुसरं आणि १९६६ पासून नेहमीच्या मालिकेसाठी तिसरं. पायलटमध्ये पुढची डिश मोठी आहे, ब्रिजचा, म्हणजे तबकडीवरच्या नियंत्रण कक्षाचा, घुमट उंच आहे आणि नॅसेलच्या तोंडावरच्या घुमटांना टोकदार सुया आहेत. मालिकेत डिश लहान झाली, ब्रिज बसका झाला, सुया गेल्या आणि घुमटांत फिरल्यासारखे दिसणारे दिवे आले. नॅसेलच्या मागच्या टोकाला गोल चेंडू आले तेही मालिकेच्याच वेळी.

बरं, भाग पाहून तरी कळेल ना? नाही कळत. पैसे वाचवायला निर्माते जुनी पायलटची दृश्यं मालिकेत पुन्हा पुन्हा वापरायचे. त्यामुळे एकाच भागात यान दोन मिनिटांपूर्वी सुयांचं असतं आणि आता बिनसुयांचं. माझ्या पहिल्या मॉडेलला पायलटची डिश होती आणि मालिकेचे चेंडू. एका जाणकारानं ते बघून फक्त एवढंच विचारलं, "हे कोणत्या तारखेचं आहे?"

त्यात आणखी एक पाचर आहे. २००६ पासून ही मालिका नव्या रूपात आली, तेव्हा यानाची दृश्यं संगणकावर नव्यानं केली गेली. आज आपण स्ट्रीमिंगवर बघतो ते बहुतेक तेच. म्हणजे तिथला स्क्रीनशॉट घेतलात तर तुम्ही दुसऱ्याच्या डिजिटल प्रतिकृतीची प्रतिकृती करताय. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ज्यांनी हे यान पाहिलं, त्यांनी पाहिलं ते वेगळं होतं.

नकाशांचंही तसंच. १९७५ साली निघालेले फ्रान्झ जोसेफचे नकाशे देखणे आहेत, पण चित्रीकरणाच्या मॉडेलशी बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत. प्लास्टिकचे जुने जोडकाम-संच तर मापाला मुळीच धरू नका. गंमत म्हणजे असाच एक बाजारातला संच मालिकेत दुसरं, मोडकं यान म्हणून वापरला गेला. त्याचा क्रमांक होता १०१७. एंटरप्राइजचा क्रमांक १७०१, संचातल्या त्या स्टिकरचे आकडे उलटसुलट केले की झालं.

फोटोवरून गिरवणं

ही माझी सर्वांत महागडी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मॉडेल १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. एका मित्रानं तिथे फोनवर काढलेला, छान बाजूनं घेतलेला फोटो पाठवला. मी तो ब्लेंडरमध्ये पार्श्वभूमीला लावला, ऑर्थोग्राफिक साइड व्ह्यू (जवळ-दूरचा फरक न दाखवणारं बाजूचं दृश्य) उघडला आणि गिरवायला बसलो. आठवड्यानं सगळं तयार झालं. समोरून पाहिलं तेव्हा ठीक, तिरकं फिरवलं तेव्हा काहीतरी खटकायला लागलं. नॅसेल जरा जास्तच लांब. यान म्हणजे मोठे बूट घातलेलं पोर दिसत होतं.

कारण अगदी साधं आहे. बाजूनं फोटो काढताना अलीकडचं नॅसेल कॅमेऱ्याला मधल्या दंडगोलापेक्षा चांगलं हातभर जवळ असतं. कॅमेरा दहा फुटांवर असेल तर हातभर अंतरानं पंधरा-वीस टक्क्यांचा फरक पडतो. फोटोत ते मोठं 'दिसतं', आपण ते मोठं 'बनवतो'. समोरून तर विचारूच नका. तबकडीची कडा दोन मीटरवर असेल तर नॅसेलची शेपटं साडेपाच मीटरच्या आसपास जातात आणि जवळजवळ पावणेतीन पट लहान दिसतात.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायचे. एक, एफस्पायसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फोटोतल्या समांतर रेषा दाखवून कॅमेऱ्याची जागा आणि फोकल लेंग्थ काढून घ्या, आणि मॉडेल त्या कॅमेऱ्यातून फोटोवर बसतंय का ते तपासा. गिरवू नका, तपासा. फोटो कापलेला नको, नाहीतर केंद्र सरकतं आणि सगळं मुसळ केरात. दोन, मापांचं गुणोत्तर हाताशी ठेवा. साठच्या दशकातच प्रसिद्ध झालेली मापं अशी: एकूण लांबी ९४७ फूट, तबकडीचा व्यास ४१७ फूट, नॅसेल ५०४ फूट. म्हणजे नॅसेल एकूण लांबीच्या ५३ टक्के आणि तबकडी ४४ टक्के. माझं नॅसेल ६१ टक्के आलं होतं. हा भागाकार पहिल्या दिवशी केला असता तर आठवडा वाचला असता.

मापाच्या ओघात एक सांगून टाकतो: पूर्ण आकारात, २८९ मीटरचं यान करायचा हट्ट सोडा. कॅमेऱ्याच्या क्लिपिंगमुळे (ठरावीक अंतरापलीकडचं न दाखवण्यामुळे) अर्धं यान गायब होणं, बेव्हलचे, म्हणजे कडा गोलावण्याचे, आकडे विचित्र होणं, दिव्यांची वॅटेज हजारांत जाणं, हे सगळं त्यातूनच येतं. मॉडेल ३.४३ मीटरचं, म्हणजे साधारण १:८४ प्रमाणात करा. मूळ वस्तू तेवढीच तर आहे.

तबकडी गोल का दिसत नाही

तबकडीचा अर्धा छेद काढून स्क्रू मॉडिफायरनं, म्हणजे रेघ अक्षाभोवती फिरवून पृष्ठभाग बनवणाऱ्या साधनानं, फिरवणं हा सरळ मार्ग. नेहमीच्या तक्रारी तीन.

मधोमध काळा डाग किंवा भोक दिसतं: छेदाचं शेवटचं टोक अक्षावर नेमकं शून्यावर नाही, किंवा मर्जची (बिंदू जोडायच्या पर्यायाची) खूण केलेली नाही. डोळ्यानं शून्यावर आणू नका, आकडा टाइप करा.

व्ह्यूपोर्टमध्ये (आपण काम करतो त्या खिडकीत) गोल, रेंडरमध्ये कोपरे: स्क्रू मॉडिफायरमध्ये दोन्हींच्या पायऱ्या, म्हणजे वर्तुळाचे तुकडे, वेगवेगळ्या असतात. आपण एक वाढवतो आणि दुसरी १६ वरच राहते. मी रात्रभर रेंडर लावून सकाळी सोळा कोनांची थाळी पाहिली आहे.

पृष्ठभाग आतून बाहेर उलटल्यासारखा दिसतो: फेस ओरिएंटेशन चालू करा. बाहेरून लाल दिसलं तर नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाची बाहेरची बाजू दाखवणाऱ्या दिशा, उलटे आहेत.

खिडक्यांसाठी बुलियन (एका आकारानं दुसऱ्यात भोक पाडणं) मारला की वक्र पृष्ठभागावर पाण्याचे डाग पडल्यासारखी सावली येते. यावर लोक व्हर्टेक्स (जाळीचे बिंदू) वाढवत सुटतात. त्यानं डाग लहान होतात, जात नाहीत. त्यापेक्षा भोकं पाडण्याआधी तबकडीची एक स्वच्छ प्रत लपवून ठेवा आणि डेटा ट्रान्सफर मॉडिफायरनं तिचे नॉर्मल भोकं पाडलेल्या प्रतीवर घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पहिल्या पायलटचं यान करत असाल तर हा खटाटोपच नको. तेव्हा मॉडेलमध्ये दिवेच नव्हते, खिडक्या रंगवलेल्या होत्या.

मिररचा मोह

यान सममित आहे, मग अर्धं बनवा आणि मिरर करा. बरोबर. फक्त त्याआधी स्केल अप्लाय करा (ताणलेलं माप पक्कं करा), नाहीतर बेव्हल एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक येतं. वस्तूचा मूळबिंदू, म्हणजे ओरिजिन, तोही मध्यावर आणा, नाहीतर तिरके खांब दंडगोलात अर्धवट घुसतात.

अक्षरं आणि दिवे मात्र मिररच्या बाहेर ठेवा. डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा, हा जहाजांचा नियम या यानानंही पाळला आहे. नावाचं तर काय सांगू: माझ्या पहिल्या रेंडरमध्ये एका नॅसेलवर क्रमांक उलटा उमटला होता. पुढे कळलं की स्टुडिओत हे मुद्दाम करायचे. मॉडेलच्या दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूनं बाहेर यायच्या, त्यामुळे ती बाजू पूर्ण केलीच नव्हती आणि चित्रीकरण उजवीकडूनच व्हायचं. डावी बाजू दाखवायची वेळ आली की उलट्या अक्षरांची स्टिकरं लावायची आणि फिल्म पलटायची. त्यांची युक्ती, माझी चूक!

अक्षरं वेगळ्या पातळ पट्टीवर करून श्रिंकरॅपनं पृष्ठभागावर बसवा आणि अर्धा मिलिमीटर ऑफसेट द्या. शून्य ठेवलंत तर काळे ठिपके पडतात आणि अॅनिमेशनमध्ये अक्षरं थरथरतात.

नक्षीकाम आवरा

आजच्या चित्रपटांतली यानं पाहून हात शिवशिवतो: पॅनेलच्या रेघा, पाइप, खिळे. एंटरप्राइजवर यातलं काही नाही आणि ते आळसामुळे नाही. जेफरीज वैमानिक होता. महत्त्वाची यंत्रं आतून दुरुस्त करता यावीत, माणसाला बाहेर जायला लागू नये, म्हणून बाहेरचं कवच गुळगुळीत, असा त्याचा विचार होता. तबकडीच्या वरच्या बाजूला जाळीच्या रेघा होत्या, त्याही पेन्सिलीनं काढलेल्या, पडद्यावर जेमतेम जाणवणाऱ्या.

१९९१ च्या डागडुजीत मॉडेलवर अशा रेघा आणि छटा ठळक रंगवल्या गेल्या आणि चाहते त्यावर वर्षानुवर्षं भांडले. २०१६ मध्ये संपलेल्या कामात संग्रहालयानं त्या काढून मूळ रूप आणलं. तबकडीच्या वरच्या भागावर साठच्या दशकातला रंग टिकून होता, म्हणून तिथे नवा रंग दिला नाही. तेव्हा नव्वदच्या दशकातले आणि २०१६ नंतरचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकू नका.

पण मग यान प्लास्टिकच्या खेळण्यासारखं दिसतं, ही तक्रार खरी आहे. त्यावर बंप मॅप (खोटा उंचसखलपणा) हा उपाय नव्हे. रफनेसमध्ये, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीतपणात, हलका चढउतार द्या, ०.४५ ते ०.५५ च्या दरम्यान, मोठ्या ढगांसारखा नॉइज. ते टेक्स्चर म्हणून आणलंत तर कलर स्पेस नॉन-कलर ठेवायला विसरू नका.

राखाडी म्हणजे कुठला राखाडी

स्क्रीनशॉटवर आयड्रॉपर लावून रंग उचलू नका. एका दृश्यात यान निळसर आहे, दुसऱ्यात पांढरं, तिसऱ्यात हिरवट. निळ्या पडद्यापुढे चित्रीकरण, मग ऑप्टिकल प्रिंटरवर फिल्मच्या प्रतींवर प्रती, मग जुनाट प्रिंट; रंग राहतो कुठे? मूळ रंग किंचित हिरवटपणाकडे झुकणारा फिकट राखाडी. तो सपाट प्रकाशात ठरवा आणि ठरवताना व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दाखवायचे ती सेटिंग) स्टँडर्डवर ठेवा. ब्लेंडर ४.० पासून मुळातच एजीएक्स लावलेलं असतं, ते रंग मवाळ करतं, आणि मग आपण मटेरियल उगाच भडक करत बसतो. रंग पक्का झाला की एजीएक्सवर खुशाल परत जा.

प्रकाशाचं थोडक्यात: एकच प्रखर सूर्य आणि बाकी मिट्ट काळोख हे विज्ञानाला धरून असेल, मालिकेला धरून नाही. तिथे स्टुडिओचे दिवे होते, सावलीतही तपशील दिसायचा. एक मोठा मऊ फिल लाइट द्या.

लाल घुमट

नॅसेलच्या तोंडाशी लाल इमिशन (स्वतः उजळणारं) मटेरियल लावून मोकळे झालात तर ते सिग्नलसारखं दिसेल. मूळ रचनेत आत लहान रंगीत दिवे होते, आरशाचे तुकडे होते आणि पुढे मोटरवर फिरणारी पाती. पात्यांनी दिवे झाकले-उघडले की बाहेरच्या धुरकट घुमटावर ती धगधग उमटायची. तसंच बांधा: बाहेर अर्धगोल, आत पाती, मागे स्थिर दिवे. बहुतेक लाल-नारिंगी, पण मध्ये एखादा निळा, एखादा हिरवा. तेवढ्यानं जीव येतो.

घुमटाला ग्लास शेडर लावलात तर सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात) पांढऱ्या ठिपक्यांची पिसवं उडतील. ट्रान्सल्युसंट वापरा.

फिरवताना दोन अडचणी येतात. पाती सुरुवातीला आणि शेवटी मंदावतात, कारण कीफ्रेम (ठरावीक फ्रेमला नोंदवलेल्या स्थिती) बेझियर, म्हणजे वक्र गतीच्या, असतात. त्या लिनियर, म्हणजे एकसारख्या गतीच्या, करा. दुसरी अडचण मला दोन दिवस कळली नाही. माझी पाती बारा होती आणि वेग असा की दर फ्रेमला बरोबर ३० अंश फिरायची. प्रत्येक पातं पुढच्याच्या जागी जाऊन बसायचं आणि रेंडरमध्ये सगळं ठप्प. मी मॉडिफायर तपासले, कीफ्रेम पुसून पुन्हा टाकल्या, ब्लेंडर पुन्हा इन्स्टॉल केलं. शेवटी वेग दर फ्रेमला ११ अंश केला आणि घुमट पेटले.