फिनिक्समधील घर एजंटमार्फत विकताना

ॲरिझोनातील फिनिक्स आणि त्याच्या आसपासच्या चँडलर, गिल्बर्ट, स्कॉट्सडेल या शहरांत घराच्या व्यवहारात वकील सहसा नसतो. १९६२ साली राज्याच्या घटनेत झालेल्या दुरुस्तीमुळे परवानाधारक एजंटला विक्रीचा करार स्वतः तयार करता येतो, आणि पैसे व कागदपत्रे टायटल कंपनीच्या (घराचा मालकी हक्क तपासणाऱ्या कंपनीच्या) एस्क्रोमार्फत, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती सांभाळणाऱ्या त्रयस्थ व्यवस्थेमार्फत, हस्तांतरित होतात. त्यामुळे केवळ ओळखीचा आहे किंवा सर्वांत चढी किंमत सांगतो, एवढ्यावर एजंट निवडू नये. दोघातिघांना भेटून आपल्याच वसाहतीत अलीकडे विकलेल्या घरांची मागितलेली किंमत व प्रत्यक्ष आलेली किंमत शेजारी शेजारी मांडून दाखवायला सांगावे. कमिशन कायद्याने ठरलेले नसते, त्याबद्दल मोकळेपणाने घासाघीस करावी. १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटचा मोबदला एमएलएसवर (विक्रीच्या घरांच्या, एजंटांच्या सामायिक यादीवर) जाहीर करता येत नाही. तो आपण द्यायचा का, हे प्रत्येक ऑफर आल्यावर ठरते. म्हणून सर्व खर्च वजा जाता हातात किती पडेल, याचा लेखी हिशोब एजंटकडून आधीच घ्यावा.

या शहरात घराची खरी परीक्षा ऊन घेते. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, आणि खरेदीदाराच्या इन्स्पेक्टरला हे चांगले ठाऊक असते. घर बाजारात आणण्यापूर्वी एसीची सर्व्हिसिंग करून त्याची पावती ठेवावी, पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली नाही हे पाहावे, आणि यंत्राचे वय माहीत करून घ्यावे. कौलारू छपरात कौले वर्षानुवर्षे धड दिसतात, पण त्याखालचा जलरोधक थर उन्हाने ठिसूळ होऊन आधीच निकामी झालेला असू शकतो. तो तपासून घेणे हा वाया जाणारा खर्च नव्हे. शक्य असल्यास वसंतात विक्रीला काढावे. उन्हाळ्यातच काढावे लागले, तर घर रिकामे असले तरी एसी चालू ठेवावा, कारण तापलेल्या घरात कोणी पाच मिनिटेही थांबत नाही.

प्रचलित करारानुसार ऑफर स्वीकारल्यापासून तीन दिवसांत विक्रेत्याने घराची माहिती देणारा प्रकटीकरण फॉर्म भरून द्यायचा असतो. तो एजंटवर न सोडता स्वतः बसून भरावा, आणि जुनी गळती, विम्याचे दावे, स्विमिंग पूलची दुरुस्ती, वाळवीचे उपचार हे सगळे नमूद करावे. १९८६ साली राज्याच्या अपील न्यायालयाने वाळवीच्याच एका खटल्यात स्पष्ट केले आहे की, ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने दडवता कामा नये. घर 'आहे त्या स्थितीत' विकले तरी ही जबाबदारी टळत नाही. तपासणीसाठी खरेदीदाराला साधारण दहा दिवस मिळतात. त्याने दुरुस्तीची यादी दिली की उत्तराला आपल्याकडे पाच दिवस असतात. सरसकट होकार किंवा नकार देण्याऐवजी एसी, छप्पर, वीज यांसारख्या मोठ्या बाबी वेगळ्या काढून त्यांवरच बोलणी करावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

छतावरचे सोलर पॅनेल भाड्याने घेतलेले असतील, तर त्यांचा करार नव्या मालकाच्या नावे करायला वेळ लागतो. त्या कंपनीला घर बाजारात आणण्याच्या आधीच कळवावे.

आपण भारतात परतला असाल आणि अमेरिकी करकायद्यानुसार अनिवासी ठरत असाल, तर खरेदीदाराला सामान्यतः विक्री किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) भरावी लागते. ही कपात नफ्यावर नसून पूर्ण किमतीवर असते, त्यामुळे ती प्रत्यक्ष करापेक्षा बरीच अधिक होऊ शकते. ती कमी करण्यासाठी ८२८८-बी हा अर्ज क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवसापर्यंत करावा लागतो. म्हणून दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या सीएशी ऑफर येण्यापूर्वीच बोलावे, आणि पुण्या-मुंबईत बसून खरेदीखतावर सही व नोटरी कशी चालेल, हे टायटल कंपनीला लेखी विचारावे. पैसे पाठवण्यासाठी बँक खात्याचा तपशील ईमेलने न देता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी. फिनिक्स ज्यात येते त्या मॅरिकोपा काउंटीच्या रेकॉर्डरकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) खत नोंदले जाईपर्यंत वीज, पाणी आणि घराचा विमा आपल्याच नावे चालू ठेवावा.