गवत कापायची मशीन रडत चालते तेव्हा काय बघायचं: या लाइनीत नवीन येणाऱ्या मुलांसाठी

आयटीआयचं मोटर मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिक करून बाहेर पडलेली बरीच मुलं विचारतात की छोट्या इंजिनचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी पुण्यात लॉन मोअर, ब्रश कटर, फवारणीचे पंप, छोटे जनरेटर अशी कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे कोथरूड, बाणेर, औंधच्या सोसायट्या, बंगलेवाले, कॉलेजची ग्राउंडं, आणि मुळशी-भोरकडचे शेतकरी. चारचाकीच्या गॅरेजसारखा रुबाब नाही यात, पण काम मनापासून शिकलात तर हाताला कधी रिकामं बसावं लागत नाही, कारण ही इंजिनं नीट ऐकून-समजून दुरुस्त करणारे लोक खरंच कमी आहेत.

बंद पडलेली मशीन सोपी, अर्धवट चालणारी अवघड. बंद मशीनला स्पार्क आहे का, पेट्रोल येतंय का, कॉम्प्रेशन आहे का एवढं बघितलं की उत्तर मिळतं. पण माळीमामा येऊन म्हणतात "चालते हो दादा, पण दम नाही तिच्यात", तेव्हा खरं काम सुरू होतं, आणि इथंच नवीन मुलगा थेट कार्बोरेटर खोलतो. नका खोलू. मशीन रडत का होईना चालतीय ना, मग ती सांगतीय काहीतरी, आधी ते ऐकून घ्या. एकदा सगळं खोललं की ती खूण गेली.

पाना हातात घ्यायच्या आधी मामांना चार गोष्टी विचारा. पेट्रोल कधीचं आहे, कॅनमधलं की पंपावरून ताजं आणलेलं? थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? नुसती उभी असताना नीट चालते आणि गवतात घातली की मरते का? आणि पाती कशाला लागली का, दगडाला, स्प्रिंकलरला, चेंबरच्या झाकणाला? हा शेवटचा प्रश्न जरा हळूच विचारा, कारण सोसायटीचे सेक्रेटरी ओरडतील या भीतीनं मामा ते सांगत नाहीत. "मामा, लागली असली तरी चालतंय, फक्त मला माहीत असू द्या" असं म्हटलं की सांगतात, आणि कधी कधी तिथंच निम्मं काम होतं.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार, हंटिंग. इंजिन वर जातं, खाली येतं, परत वर, ऊंऽऽ-ऊंऽऽ करत एका लयीत. नवीन मुलाला वाटतं गव्हर्नर (इंजिनचा वेग एकसारखा ठेवणारा भाग) बिघडला, मग तो स्प्रिंग ताणतो, दुसऱ्या भोकात अडकवतो आणि मूळ सेटिंगच घालवून बसतो. गव्हर्नर बिचारा त्याचं काम करत असतो. होतं काय की इंजिनला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं म्हणजे मिश्रण लीन होतं, त्यामुळे आरपीएम (मिनिटाचे फेरे) पडतात, ते सावरायला गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मग आरपीएम जास्त वर जातात, तो परत बंद करतो, आणि हे चक्र चालू राहतं. याची खात्री करायला काही खोलावं लागत नाही, चालू इंजिनला हळूहळू चोक द्या, म्हणजे हवा कमी करा. अर्ध्या चोकवर आवाज एकसारखा झाला तर समजा पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतीय. चोक दिल्यावर उलट जास्त गुदमरलं, काळा धूर आला, तर मिश्रण आधीच रिच म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं आहे, मग आधी एअर फिल्टर बघा. फिल्टर काढून क्षणभर चालवा, सुधारलं तर फिल्टरच गच्च झालेला. क्षणभरच बरं का, विनाफिल्टर गवतात नाही न्यायचं, धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

लीन का होतं? पुण्यात याचं मोठं कारण पडून राहिलेलं पेट्रोल. पावसाळा संपला की हिवाळ्यात लॉन फार वाढत नाही, मशीन पार्किंगमध्ये पंप रूमशेजारी पडते, टाकीत पेट्रोल तसंच. त्यात आता पंपावर साधं म्हणून मिळतं ते बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन तळाचंच ओढतं. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते तर इथेनॉलला साधारण ९ च, म्हणजे तोच जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) असताना ई२० वर मिश्रण मुळातच थोडं लीन. बहुतेक जुन्या मोअरच्या पुस्तिकेत १० टक्के इथेनॉलपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. जेट स्वच्छ असेल तर इंजिन हे सांभाळून घेतं, पण जेट थोडासा जरी बुजला तरी लगेच हंटिंग.

म्हणून आधी काचेच्या बाटलीत टाकीतलं आणि फ्लोट बाउलचं (कार्बोरेटरखालच्या वाटीतलं) पेट्रोल वेगवेगळं काढा आणि उजेडात धरा. तळाला पाण्याचा गोळा हलताना स्वच्छ दिसतो, पेट्रोल शिळं असेल तर पिवळट-तपकिरी आणि वॉर्निशसारखा उग्र वास. हे गिऱ्हाइकालाही दाखवा, डोळ्यांनी बघितलं की बिलावर वाद होत नाही. ताजं पेट्रोल भरा, मगच पुढं जा.

तरी फरक नाही पडला तर आता कार्ब उघडायची वेळ आली. पेट्रोलचा कॉक बंद, बाउल काढा, फ्लोट आणि नीडल बाजूला काढून ठेवा, मेन जेट बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरनं काढा (लहान स्क्रूड्रायव्हरनं काढायला गेलात की पितळेची खाच गेलीच), त्याच्यामागची भोकाभोकांची नळी पण काढा. मेन जेट सगळे साफ करतात, खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे कमी आरपीएमला पेट्रोल देणारा छोटा जेट असतो. काही कार्बला तो वरच्या बाजूला आयडल स्क्रूच्या दाबाखाली बसवलेला छोटासा प्लास्टिकचा तुकडा असतो, ओ-रिंगसकट अलगद उचकटून निघतो. तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघा. त्यातलं भोक इतकं बारीक असतं की नवीन माणसाला वाटतं इथं भोकच नाहीये, साफ झालं की सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसतो, कडा एकदम स्पष्ट. उजेड अर्धवट किंवा धुरकट दिसला तर अजून साफ झालेला नाही. वायरमधली तांब्याची एक तार काढून फिरवा, क्लीनर स्प्रे मारा, वरून हवा मारा. स्टीलची तार किंवा ड्रिल बिट घालू नका, भोक वाढलं की तो जेट गेला, मग इंजिन कायम पेट्रोल पीत राहणार.

जेट स्वच्छ आणि तरी हंटिंग असेल तर कार्ब आणि इंजिनच्या मधलं पॅकिंग बघा, चिरलेलं असतं किंवा उलटं बसवलेलं असतं, तिथून हवा शिरते.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. पंधरा-वीस मिनिटं छान चालून मरते, टाकीचं झाकण उघडलं की सूं आवाज येतो आणि परत चालू होते, म्हणजे झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, कार्बला हात लावायची गरज नाही. गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर चालू होते, झाकण उघडून फरक नाही, तर गरम असतानाच लगेच स्पार्क बघा, स्पार्क गेला असेल तर कॉइल. निळसर-पांढरा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण लगेच रिंग गेली म्हणू नका, पाती साफ करायला मशीन चुकीच्या बाजूला आडवी केली की ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्बमध्ये येतं. कार्ब आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील अशीच कलती करायची. दोरी झटका मारते, कार्बमधून फट्फट् उलटा आवाज येतो, तर पाती दगडाला लागून फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) अर्धी कापली गेलीय आणि टायमिंग सरकलंय. किंवा पातीचा बोल्ट ढिला, कारण पुष्कळ मोअरमध्ये पातीचं वजनच फ्लायव्हीलचं काम करतं.

प्लग तर प्रत्येक मशीनचा काढून बघायचाच. फिका तपकिरी म्हणजे तब्येत ठीक, कोरडी काजळी म्हणजे रिच, ओला तेलकट म्हणजे ऑइल, पांढराफट म्हणजे लीन. होंडाच्या जीएक्सव्ही१६० ला गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, कुणी बघतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. बाकी सगळं ठीक असून लोडवर दम नाही किंवा गरम झाल्यावर दोरी हलकी लागते, तर व्हॉल्व्हचा गॅप संपलेला असू शकतो. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वर), मग फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या). त्याच जीएक्सव्ही१६० ला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. दुसऱ्या इंजिनला हाच आकडा चिकटवू नका, त्याची पुस्तिका बघा.

आणि दर वेळी दोष इंजिनचा असतोच असं नाही. जुलैमध्ये आठवडाभर पाऊस, लॉन घोट्याच्या वर, ओलं, पाती बोथट, डेकच्या (पातीवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) खाली गवताचा थर घट्ट बसलेला, अशात कुठलंही इंजिन बसणारच. डेक खरवडा, पातीला धार लावून तोल बघा, आणि मामांना सांगा की पाती उंच ठेवून आधी वरचा एक तृतीयांशच भाग कापा, उरलेलं दोन-चार दिवसांनी. मेक्सिकन लॉन दाट असतं, तिथं तर हे पाळायलाच हवं. डेकखाली हात घालण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला अडकवायची, दर वेळी, एक सेकंदाचं काम असलं तरी. पाती हातानं फिरवली की इंजिन फिरतं आणि एखादा स्फोट पुरेसा असतो, बोटं जातात. आणि बंद शटरच्या आत इंजिन टेस्ट करू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, इंजिन चालवा, ऐका, वहीत लिहा. प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळं एकदम बदललं तर मशीन चालू होईल पण तुम्ही काहीच शिकणार नाही, आणि गिऱ्हाइकाचे पैसेही उगाच जातील. वहीत इंजिनवरचा मॉडेल नंबर लिहा, डेकवर लिहिलेल्या कंपनीच्या नावाला पार्ट मिळत नाहीत, इंजिनच्या नंबरला मिळतात. फिलर गेज, प्लग पाना, चांगल्या स्क्रूड्रायव्हरचा सेट बोहरी आळीत घ्या, प्लग आणि पेट्रोलचा पाइप नाना पेठेत टू-व्हीलर पार्टच्या दुकानांतही मिळून जातो.

दुकानात लागायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये लागा. तेव्हा पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगच्या मशीन येतात, उस्तादाला शिकवायला वेळ असतो. जूनच्या मध्यानंतर दारात रांग लागते, मग कुणी समजावून सांगत बसत नाही. आणि दिवाळीनंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून फोन करा, टाकी रिकामी करून बाउल कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून ठेवायला सांगा. काही जण म्हणतात असं सांगितलं तर आपलंच काम कमी होईल. माझा अनुभव वेगळा आहे, ज्यांना हे सांगितलं ते लोक ब्रश कटर, जनरेटर, शेतावरचा पंप सगळं माझ्याकडेच घेऊन येतात.