कोकणातलं खाजगी रान: तोडताना आणि राखताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल वनखात्याचं नाही, लोकांच्या सातबाऱ्यावरचं आहे. तरी आंब्याच्या पेटीपेटीचा हिशेब ठेवणारा माणूस रानाचा हिशेब ठेवत नाही. काही वर्षांनी ठेकेदार येतो, डोंगरावर नजर टाकून एक आकडा सांगतो आणि मुंबईकर भावकीसकट सगळे हो म्हणतात.

न मोजता उक्तं देणं

सगळ्यात महाग चूक हीच. निदान जाड झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर मोजा, जातवार वहीत लिहा. घनफूट कसा धरणार तेही आधीच विचारा. जुन्या रीतीत घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४ फूट घेराचा, १० फूट लांबीचा ओंडका या मापाने १० घनफूट भरतो; प्रत्यक्षात त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असतं. यात लबाडी नाही, चिरताना जाणारा भाग आधीच वजा धरलेला असतो. पण दर कुठल्या मापाचा आहे हे ठाऊक नसेल तर घासाघीस कशावर करणार?

खैराच्या बाबतीत घाई तर शुद्ध नुकसान. कात निघतो तो आतल्या लाल गाभ्यातून, आणि मनगटाएवढ्या खैरात तो जेमतेम असतो. असा कोवळा खैर आज सरपणाच्या भावात देऊ नका.

सरसकट तोड, वर उंच खुंट

ऐन, किंजळ, साग खुंटातून पुन्हा फुटतात, म्हणून 'येईल परत' असं म्हणतात. येतं, पण कसं? गुडघाभर उंचीवर, साल फाटेपर्यंत तोडलेल्या खुंटाचे फुटवे वरच्या टोकाला येतात आणि वाऱ्याने मोडतात. तोड उन्हाळ्यापर्यंत उरकावी, खुंट वीतभरापेक्षा उंच नसावा, काप गुळगुळीत आणि तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर दोन-तीन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा. इतकं साधं काम, पण तोड झाल्यावर रानात फिरकतो कोण!

आधीच उंच खुंट राहिले असतील तर पावसाआधी ते खाली, नीट कापून घ्या. चढावर, ओढ्याकाठी आणि बियाण्यासाठी जुनी झाडं राखा. बेहड्याची ढोली धनेशाला घरट्यासाठी लागते, आणि बिया दूरवर टाकण्याचं काम तो फुकट करतो. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जागा भाजण्यासाठी, कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडत असाल तर तेच ऐन दरवर्षी शेंड्यापर्यंत बोडकं करू नका. झाडं आळीपाळीने घ्या.

बांबूचं बेट साफ करणं

माणगा जातीच्या बांबूचं अख्खं बेट तोडलं की पुढचे कोंब बारीक निघतात. तीन वर्षांवरच्या पक्क्या काठ्या काढा, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ठेवा. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि खालच्या पेरांवर आवरण दिसतं. जून काठी फिकी पडते, तिच्यावर शेवाळी डाग येतात. बेटाच्या मधल्या काठ्या सोडून कडेच्याच कापल्या तर गाभा गच्च होतो. पावसाळ्यात कोंब वर येत असताना कोयता नको.

कागद नंतर बघू म्हणणं

१९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात ऐन, किंजळ, खैर, साग, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस ही अनुसूचित झाडं आहेत. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. 'परवानगी आम्ही बघतो' असं ठेकेदार म्हणाला तरी अर्जाची आणि आदेशाची प्रत तुमच्या हातात हवी. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमाच्या 'वृक्ष' व्याख्येतून बांबू वगळला गेला, म्हणजे दोघांचे नियम वेगळे; बांबू आणि ऐन एकाच करारात घालू नका.

सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'खाजगी वन' अशी नोंद आहे का, ते व्यवहाराआधी तपासा. खाजगी वनं सरकारकडे घेणाऱ्या १९७५ च्या संपादन कायद्याचा तो मागमूस असू शकतो. असेल तर विसार घेण्यापूर्वी वकील गाठा. आणि सामाईक खातं असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी. मुंबईचा चुलतभाऊ तोड चालू असताना हरकत घेतो, तेव्हा अर्धं लाकूड डोंगरात आणि अर्धं रस्त्यावर पडून राहतं.