माल्टात क्रिप्टो कंप्लायन्सची नोकरी: नवख्यांसाठी

कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा एलएलबी करून युरोपात क्रिप्टो कंप्लायन्समध्ये, म्हणजे क्रिप्टो कंपनी कायदे पाळते की नाही हे बघण्याच्या कामात, यायचं असेल, तर कोडिंगच्या कोर्सवर लगेच पैसे घालू नका. माल्टात मी हेच काम करते. दिवसभर वाचायचं आणि लिहायचं, एवढंच काम!

इंटरनेटवर माल्टाबद्दल सापडतं ते बरंचसं शिळं आहे. 1 नोव्हेंबर 2018 पासून इथे व्हर्च्युअल फायनान्शियल अ‍ॅसेट्स अ‍ॅक्ट लागू झाला आणि ‘ब्लॉकचेन आयलंड’ म्हणून गाजावाजा झाला. तेव्हा टोकन (क्रिप्टोचं डिजिटल नाणं किंवा हक्क) बाजारात आणणाऱ्याला या कायद्याखाली नोंदणीकृत व्हीएफए एजंटमार्फतच एमएफएसए या नियामकाकडे जावं लागे. आता युरोपीय संघाचा मायका हा क्रिप्टोसाठीचा कायदा आहे: स्टेबलकॉइनना (चलन किंवा सोन्यासारख्या गोष्टीशी किंमत बांधलेल्या टोकनना) 30 जून 2024 पासून, बाकीच्यांना 30 डिसेंबर 2024 पासून. जुन्या कायद्यातली ‘फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट टेस्ट’ (टोकन कोणत्या प्रकारात मोडतं ते ठरवणारी चाचणी) मात्र मी नवख्यांना अजूनही सोडवायला देते.

कारण पहिला प्रश्न आजही तोच: हे टोकन नक्की आहे काय? शेअरसारखे हक्क देत असेल तर ते मायकाच्या बाहेर, मिफिड या शेअर-रोख्यांच्या बाजारासाठीच्या युरोपीय कायद्याच्या कक्षेत. एकाच अधिकृत चलनाशी बांधलेलं असेल तर ई-मनी टोकन, आणि ते बँक किंवा ई-मनी संस्थेलाच काढता येतं. सोन्याशी किंवा अनेक चलनांशी बांधलेल्याचे नियम वेगळे आणि कडक. उरलेल्यांसाठी व्हाइटपेपर (टोकनची माहिती देणारा कागद) लिहायचा आणि प्रसिद्ध करण्याआधी किमान 20 कामकाजाचे दिवस एमएफएसएला कळवायचं. फक्त कळवायचं, मंजुरी मिळत नाही. उलट, कोणत्याही नियामकाने हा कागद मंजूर केलेला नाही, असं व्हाइटपेपरमध्येच छापावं लागतं. तरी फाउंडर मंडळींना जाहिरातीत ‘अप्रूव्ड’ शब्द हवाच असतो. तो खोडत बसणं हा कामाचा मोठा भाग. भांडण झालं तर कायदा दाखवा: व्हाइटपेपरमधला मजकूर दिशाभूल करणारा निघाला, तर कंपनीबरोबर संचालकांवरही जबाबदारी येते. हे ऐकलं की आवाज खाली येतो.

एक्स्चेंज, कस्टडी (ग्राहकांचे क्रिप्टो सांभाळणं) वगैरे सेवांना परवाना लागतो. किमान भांडवल सेवेनुसार 50,000, 1,25,000 किंवा 1,50,000 युरो.

सुरुवात बहुधा केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं) किंवा ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंगमध्ये (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणं) होते. कंटाळवाणं वाटेल, पण धंदा त्यावरच टिकतो. जून 2021 ते जून 2022 माल्टा एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ग्रे लिस्टवर, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत, होता. मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणारी माल्टाची संस्था एफआयएयू इथे हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. भारतातही मार्च 2023 पासून क्रिप्टो सेवा पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे तिथल्या एक्स्चेंजमध्ये एफआययू या सरकारी संस्थेला रिपोर्टिंग केलं असेल तर सीव्हीत ते वर लिहा. एमएलआरओ (संशयास्पद व्यवहार कळवण्याची जबाबदारी असलेला अधिकारी) किंवा कंप्लायन्स ऑफिसर ही पदं लगेच मागू नका. त्यासाठी एमएफएसए उमेदवाराची वैयक्तिक छाननी करते.

भाषेची अडचण नाही, इंग्रजी इथली अधिकृत भाषा आहे. सिंगल परमिट (राहण्याचा आणि काम करण्याचा एकत्र परवाना) मात्र नोकरी देणाऱ्या कंपनीशी बांधलेलं असतं. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीचं नाव एमएफएसएच्या रजिस्टरमध्ये शोधा. मायकाचा परवाना मिळालाय की नुसता अर्ज केलाय, हे एचआरला तोंडी न विचारता ईमेलवर विचारा.